हमीदभाऊंचे तीन ठिपके

हमीदभाऊ चालू लेथ बंद करायचे, खालच्या ट्रेमध्ये पडलेला धातूचा कीस चिमटीत उचलायचे आणि डोळे मिटून बोटांत चुरून पाहायचे. भात झाला का हे पाहायला आपण शीत दाबतो, तसंच. मग डोळे न उघडताच स्टीलची जात सांगायचे, "हे तीनशे चार हाय. दुकानदारानं तीनशे तीन म्हणून देल्लं काय तुले? जा, वापस कर." समोरचा माणूस बिल पुढे करायचा, त्यावर छापलेला आकडा दाखवायचा. हमीदभाऊ बिलाकडे बघतसुद्धा नसत. "कागद कोनी बी छापते भाऊ. कीस कोनाच्या बापाले छापता येत नाई."

चंद्रपुरात जुन्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या लोखंडाच्या सळया. उन्हाळ्यात चंद्रपूर कसं तापतं ते मी सांगायला नको, त्या पत्र्याखाली हमीदभाऊ डोक्यावर ओला रुमाल टाकून उभे असत आणि आलेल्या गिऱ्हाइकाला वर विचारत, "आज जरा थंडं हाय ना?" उंची जेमतेम, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. साऱ्या जिल्ह्याच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या चष्म्याची काडी दुरुस्त करायला कधी वेळ मिळाला नाही.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या डाव्या पायामुळे. मी धानोऱ्याजवळच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, प्राथमिक शाळेत शिकवते. दीड वर्षाची असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण काम करत नाही. आमच्या खात्यातही अशी माणसं असतात आणि त्यांना पगार मिळतो. तर त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर लागतो. दोन बाजूंना दोन पट्ट्या, मधे चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी दोन सांधे. प्रत्येक सांध्यावर एक कडी असते. उभं राहिलं की कडी खाली सरकते, सांधा पक्का होतो, पाय काठीसारखा सरळ राहतो. बसायचं झालं की हाताने कडी वर घ्यायची, मग गुडघा वाकतो. सगळा खेळ त्या सांध्यातल्या बोटाएवढ्या पिनेवर चालतो.

माझा कॅलिपर एका मोफत शिबिरात मिळालेला होता. धानाच्या मुलखातला चिखल आणि ओल त्याला मानवली नाही. दोन पावसाळ्यांत पिना गंजल्या आणि सांधे अडकले. बसले की पाय समोरच्या माणसाच्या अंगावर रोखलेला. बैठकीत एकदा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या खुर्चीला माझा बूट टेकला, ते बिचारे तासभर आखडून बसले. माझी मोठी बहीण चंद्रपूरला ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहते, भाऊजी पॉवर स्टेशनात फिटर. त्यांनी मला स्कूटरवर बसवून हमीदभाऊंकडे नेलं.

अनोळखी माणूस मला पहिल्यांदा पाहतो तेव्हा पुढचे प्रश्न मला पाठ आहेत. कधीपासून, कसं झालं, डोस दिला नव्हता का, लग्न झालं का. मी उत्तरं तयार ठेवून, थोडी चिडूनच, दारात उभी राहिले. हमीदभाऊंनी लेथ बंद केला, माझ्यासमोर उकिडवे बसले, सांध्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि मान वर करून विचारलं, "कुठी घासते?"

माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दाखवलं. आतल्या बाजूची पिन तिरपी झाली होती आणि पट्टी गुडघ्याला घासत होती. तिथली कातडी जाड काळी पडली होती. ते मी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. हमीदभाऊ म्हणाले, "मंग तेच तं पाहा लागते पयले. बाकी मंग."

"कुठी घासते" हा त्यांचा सगळ्यांसाठीचा प्रश्न होता. राईस मिलवाला मशीन आवाज करते म्हणून आला तरी तोच, ट्रॅक्टरवाला आला तरी तोच. एकदा मी तिथे बसले असताना शेजारचा म्हातारा सुनेची गाऱ्हाणी घेऊन आला. सून उद्धट आहे, सून ऐकत नाही, असं बराच वेळ चाललं. हमीदभाऊ लेथवरचा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला भाग, मोजता मोजता म्हणाले, "अजी काका, मशीन खराब हाय, मशीन खराब हाय, हे काऊन सांगून राह्यले? घासते कुठी ते सांगा ना." म्हातारा हळूच म्हणाला की सकाळचा चहा उशिरा मिळतो. "हां. एवढंच हाय तं," असं म्हणून हमीदभाऊंनी लेथ सुरू केला.

माझ्या पिनांसाठी त्यांनी भिंतीजवळच्या दोन सळया आणल्या. दिसायला जुळ्या बहिणी. दोन्ही स्टेनलेस, दोन्हींना लोहचुंबक चिकटत नाही. मी शाळेतली बाई आहे म्हटल्यावर त्यांना शिकवायचा उत्साह आला असावा. पहिली सळई लेथच्या फिरत्या चकमध्ये धरली, कापायचं टूल लावलं. निळसर लांबच लांब फीत निघाली, टूलभोवती गुंडाळली, सापासारखी वळवळत त्यांच्या हातापर्यंत आली. त्यांनी मशीन थांबवून तळहातावरची जुनी पांढरी खूण दाखवली. "हे तीनशे चार, नेहमीचं ष्टेनलेस. भांड्याचं. लय चिवट. जेवढं घासाल तेवढं कडक होते. हे मी विशीत असताना कापलं, अन यानं मले कापलं."

मग दुसरी सळई. तिचा कीस बारीक बारीक तुकडे होऊन तडतडत ट्रेमध्ये पडला, फोडणीत मोहरी पडावी तसा. टूलवर काही गुंडाळलं नाही. पृष्ठभाग असा गुळगुळीत निघाला की त्यात माझा चेहरा दिसला. "हे तीनशे तीन. बनवतानाच यात चिमूटभर गंधक टाकतात. त्यानं कीस तुटते. आटे साफ पडतात. अन मेन गोष्ट, बाई, एकावर एक फिरणारी चीज असली तं हे लवकर एकमेकाले धरत नाई. पिना, बुश, बोल्ट, शाफ्ट, नट, याच्यासाठीच हे जन्मलं."

"मग सगळंच याचं का करत नाहीत?" मी विचारलं.

हमीदभाऊ खूश झाले. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांना फार आवडायचं. "कारन की गंधकाची किंमत हाय ना. कापाले सोपं केलं, तं दुसरीकडे कमजोर झालं. घामाचं मीठ याले त्या पयल्या भावाएवढं सोसत नाई. लाल टिपके पडतात. रोज फडक्यानं पुसा, हप्त्याले एक थेंब तेल टाका. अन याले ठोकून वाकवाल तं चिरते. एका चीजेत सगळे गुन नसतात बाई. ज्याचं काम त्याले द्या, मंग पाहा कसं चालते."

त्या दिवशी मी त्यांची आणखी एक पद्धत पाहिली. सळईच्या एका टोकाला कारखान्याने रंग लावलेला असतो, त्या रंगावरून जात ओळखायची. हमीदभाऊ नेहमी दुसऱ्या टोकाकडून तुकडा कापायचे, म्हणजे रंग शेवटपर्यंत सळईवर राहतो. घाईत एखाद्या कारागिराने रंगाच्या बाजूने कापलं की त्या दिवशी वर्कशॉपमध्ये वादळ. "नाव पुसून टाकलं तू तिचं! आता ती कोन हाय, कोनाले विचारू?" असा तो राग. नाव पुसलेली सळई ते वापरत नसत, कोपऱ्यात वेगळी ठेवत, आणि फुरसतीत तिचा कीस चुरून तिला पुन्हा रंग लावत.

नवीन पिना बसल्या. मी उभी राहिले, कडी खाली पडली. टक्. असा स्वच्छ आवाज मी माझ्या पायातून कधी ऐकला नव्हता. पट्टी घासत नव्हती. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला रडू आलं आणि मी ते उन्हावर ढकललं. हमीदभाऊ म्हणाले, "ऊन तं हायच म्हना," आणि दुसऱ्या कामाला लागले.

पुढची काही वर्षं दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायची. ते माझ्या पायाला "आपला जॉब" म्हणत. "आपला जॉब कसा चालून राह्यला?" माझ्या वर्गातल्या मुलांना तो टक् आवाज ओळखीचा झाला. व्हरांड्यात टक् झालं की वर्गातला गोंधळ बंद. काही चतुर मुलं जिभेने तसा आवाज काढून इतरांना फसवायची. ही खबर मी हमीदभाऊंना दिली तेव्हा ते चष्मा काढून हसले.

आता चुकीची गोष्ट सांगते. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते, कारण हमीदभाऊंनी ती माझ्याकडे राहू दिली नाही.

शाळेला जायला मी धानोऱ्याहून तीनचाकी स्कूटर घेते. डांबरी रस्ता संपतो तिथे स्कूटर ठेवायची आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, टोल्यापर्यंत चालत जायचं. ही शाळा मी भांडून मिळवली होती. मला पाहिलं की साहेब लोकांना दया यायची आणि ते मला तालुक्याच्या ऑफिसात टेबलाशी बसवायला निघायचे. मी म्हणायची, मला मुलं शिकवायला घेतलंय, फायली शिकवायला नाही. पाळीवरून रोज चालून दाखवीन. आणि मी चालत होते.

त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी स्कूटर हादरून पिनेवरचा नट सैल व्हायचा. मी तो पान्याने कसायची, आठवड्यात पुन्हा सैल. दिवाळी लांब होती, चंद्रपूर लांब होतं. धानोऱ्याच्या चौकात सुखदेवचं वेल्डिंगचं दुकान. फाटक, नांगर, सायकल, जे तुटेल ते सुखदेव जोडतो. मी त्याला म्हटलं, "एक टाका मारून टाक रे, म्हणजे कटकट जाईल." त्याने वेल्डिंग मारली. नट पिनेला पक्का चिकटला. मी माझ्या हुशारीवर खूश झाले.

पंधरा दिवसांनी पाळीवरून उतरताना पिनेचं डोकं तुटलं. काही आवाज झाला नाही, कडी नुसती बाजूला सरकली आणि गुडघा वाकला. मी पाळीखाली गडगडत गेले. उजवं मनगट मोडलं. बांधावर मोहाची मुळं वर आली आहेत, त्यांवर डोकं आपटलं असतं तर हे लिहायला मी नसते.

मनगट दीड महिन्यात बरं झालं, पण मी बरी झाले नाही. कॅलिपर कोपऱ्यात उभा होता आणि मी त्याच्याकडे पाहत नव्हते. पायावर माझा भरवसा कधीच नव्हता, भरवसा होता तो त्या टक् आवाजावर, आणि तोच गेला होता. ऑफिसातून माणूस बदलीच्या अर्जाचा छापील कागद घेऊन आला. "मॅडम, नुसती सही करा. सावलीत बसाल, पंखा आहे." या वेळी मी भांडले नाही. कागद घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला. सोमवारी सही करून द्यायची, असं मनाशी ठरवलं. शाळा सोडायची हे मी कोणाजवळच बोलले नाही, बहिणीला फक्त पडल्याचं सांगितलं आणि बजावलं की हमीदभाऊंना कळवू नका. का, तर मला वेल्डिंगची लाज वाटत होती.

भाऊजींच्या पोटात काही राहत नाही. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात हमीदभाऊ उभे. चंद्रपूरहून गडचिरोली, तिथून धानोरा, दोन एसट्या बदलून आलेले. डोक्यावर रुमाल, हातात अवजारांची पिशवी. चालू दिवशी वर्कशॉपला कुलूप लावलेलं मी त्यांच्याबाबतीत कधी ऐकलं नव्हतं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "नव्या पिना आनल्या हाय. पन पयले तुटकी दाखवा."

मी दोन्ही तुकडे रुमालातून काढून दिले. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावला.

"हा निळा रंग कुठून आला, बाई?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "घासून आला असेल."

हमीदभाऊंनी तुकडा माझ्यापुढे केला. भिंग माझ्या हातात दिलं. तुटलेल्या तोंडाशी लोखंड निळं-सोनेरी झालं होतं, आणि तिथून आत केसाएवढी काळी चीर गेली होती. मुलं कॉपी करताना सापडली की कशी उभी राहतात ते मी वीस वर्षं पाहत आले होते. त्या दिवशी मी तशी उभी होते. "सुखदेवकडून टाका मारून घेतला," मी म्हटलं. "नट सैल व्हायचा म्हणून."

मला वाटलं, आता वादळ येणार. रंगाच्या बाजूने सळई कापली तर ज्या माणसाचा तोल जातो, तो आता मला काय काय म्हणेल! हमीदभाऊ पिशवी उचलून उठले. "चाला, त्या सुखदेवले भेटू."

घरातल्या कुबडीवर टेकत, एका हातात कॅलिपर घेऊन मी त्यांच्यासोबत गेले. सुखदेव आम्हाला पाहून उभाच राहिला. मी पडल्याचं त्याला कळलं होतं आणि तो बिचारा तेव्हापासून माझं घर टाळून जात होता. "बाई, मले काय मालूम?" तो लगेच म्हणाला. "चकचकीत ष्टील पाह्यलं, ष्टीलचा रॉड लावला, टाका मारला. पक्का बसला होता. कसम सांगतो."

"बसला असन," हमीदभाऊ म्हणाले. "वरून पक्काच दिसते. यात गंधक हाय भाऊ. वेल्डिंगची आग लागली का गंधक पातळ होऊन मधातच साचते, अन थंडं होताना लोखंड तिथूनच उकलते. तुले नाई दिसत, मले बी नाई दिसत. चालनाऱ्याले दिसते."

सुखदेवने मान खाली घातली.

"मान काऊन खाली घालून राह्यला? चूक तुही नाई. बाईची बी नाई. माही हाय." ते पिनेचा तुकडा बोटांत फिरवत होते. "चाळीस वर्सं झाले, मी सळईचा रंग सांभाळून राह्यलो. कोनी रंग कापला तं त्याच्यावर चिल्लावतो. अन मी स्वतः जॉब बनवून देतो, तं त्याच्यावर कोनता रंग ठेवतो? काईच नाई. माह्या दुकानातून नाव पुसूनच जाते सगळं. मंग यानं कशाले ओळखावं? दुसरं म्हनजे, बाई खड्ड्यातून गाडी चालवते हे मले मालूम. नटाले खीळ घालाले पाह्यजे होती. आळस केला मी."

मी आयुष्यात पुष्कळ साहेब पाहिले, पुष्कळ पुढारी पाहिले. समोर दोन माणसं चूक कबूल करायला तयार असताना ती चूक उचलून स्वतःच्या पिशवीत टाकणारा माणूस मी तो एकच पाहिला.

हमीदभाऊंनी पिशवीतून नव्या पिना काढल्या. नटाला खाचा पाडल्या होत्या, पिनेला आडवं भोक होतं. त्यातून खीळ घालून टोकं वाकवली की नट हलायची सोय नाही. बसवण्याआधी त्यांनी सुखदेवच्या ऐरणीवर पिन ठेवली, टोकदार पंच घेतला आणि तिच्या डोक्यावर हातोडीचे तीन हलके टोले दिले. तीन ठिपके उमटले. "हे पाह्य. तीन ठिपके दिसले का वेल्डिंग मशीन बंद. समजलं?"

"मंग ढिल्लं झालं तं काय करू?" सुखदेवने विचारलं.

"कस. खीळ घाल. आटे गेले तं नवे पाड. जोडाचे लय रस्ते हाय बाबा, आग त्यातला एक हाय."

कॅलिपर बांधून मी उभी राहिले. टक् झालं. पण मी पाऊल टाकलं नाही. हमीदभाऊ म्हणाले, पडल्या ती जागा दाखवा. सुखदेवने आम्हाला त्याच्या गाडीत पाळीपर्यंत सोडलं. पाळीवर मी उभी राहिले आणि खाली पाहिलं. पाय हलेना. "हमीदभाऊ, नाही होणार माझ्याने," मी म्हटलं.

ते उतारावर, माझ्या पुढे दहा पावलांवर, एका दगडावर बसले. चला म्हणाले नाहीत, घाबरू नका म्हणाले नाहीत. तलावाकडे पाहत बसले. बगळे होते, धान कापणीला आलं होतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गडचिरोलीची बस तीन वाजता हाय म्हनते सुखदेव. तवालोक मले काई काम नाई."

मी तशीच उभी.

"बाई, एक इचारू? आता कुठी घासते?"

मी सांगितलं. पर्समधल्या कागदाचं, सोमवारचं, पंख्याचं, सगळं सांगितलं. भीती वाटते हेसुद्धा सांगितलं, जे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, दुरुस्तीचं काम समजून घेताना हलवायचे तशी. "भीती तं राहीन," ते म्हणाले. "पिन नवी हाय, भीती जुनी हाय. दोघी संगं चालतीन काई दिवस."

मी पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं. दगडापर्यंत पोहोचले तर ते उठून आणखी दहा पावलं खाली जाऊन बसले. असं करत आम्ही पाळ उतरलो. मग मी एकटी वर चढले आणि एकटी उतरले. तिसऱ्या वेळी त्यांनी पाहणं सोडून दिलं आणि रुमाल तोंडावर टाकून झोपले.

परत चौकात आलो तेव्हा बसला अवकाश होता. हमीदभाऊंना सुखदेवसाठी पिनेचं चित्र काढून द्यायचं होतं, खीळ कशी घालायची ते दाखवायला. "कागद हाय काय, बाई?" मी पर्स उघडली. त्यात एकच कागद होता. मी तो काढला, घडी उलगडली आणि कोरी बाजू वर करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी छापील बाजू उलटून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि चित्र काढायला लागले. तो कागद सुखदेवच्या दुकानात भिंतीला खिळ्याने ठोकलेला आहे. पाठीमागे माझी बदली आहे, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक. सोमवारी मी शाळेत गेले.

त्यानंतर हमीदभाऊंच्या हातून तीनशे तीनचं जे काही बाहेर गेलं त्यावर तीन ठिपके पडले. राईस मिलच्या पिना, पंपाचे शाफ्ट, फवाऱ्याचे नट, सगळ्यांवर. गिऱ्हाईक घाईत असलं तरी ते त्याला थांबवून ठिपके दाखवायचे आणि तेच तेच सांगायचे. लोक कंटाळायचे. "ऐकून घे रे," ते म्हणायचे, "एक बाई पडली होती." माझं नाव कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षांत डोळे फार अधू झाले. मापं कारागीर घेत, पण कीस चुरायला हमीदभाऊच लागायचे. एका उन्हाळ्यात मी गेले तर ते खाटेवर होते. मी कीस नेऊन त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो चुरला आणि म्हणाले, "तीनशे तीन. चांगलं हाय." मग थोड्या वेळाने, "आपला जॉब?" मी उभी राहून कडी सोडली. टक् ऐकून त्यांनी मान हलवली. पावसाळ्याआधी ते गेले. मला निरोप मिळाला तोवर माती देऊन झाली होती. वर्कशॉपवर कुलूप होतं. मी गल्लीत बराच वेळ उभी राहिले. त्या दिवशी ऊन नव्हतं, त्यामुळे उन्हावर ढकलायची सोयही नव्हती. मी रडले.

गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणासाठी हेमलकशाच्या पुढे, पार आतल्या एका गावी जावं लागलं. वाटेत जीपच्या धक्क्यांनी खीळ गळून पडली आणि नट हलायला लागला. गावाच्या तोंडाशी दुरुस्तीचं एक दुकान होतं. वर ताडपत्री, आत पन्नाशीचा एक माडिया कारागीर, शेजारी वेल्डिंगचं मशीन. मी कॅलिपर सोडून त्याच्यापुढे ठेवला. काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात त्याने पिनेचं डोकं अंगठ्याने पुसलं.

"हे वेल्डिंग नाई होत बाई," तो म्हणाला. "तीन ठिपके हाय. खीळ घालून देतो."

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

"शिकवलं कोनी नाई. एटापल्लीच्या वेल्डिंगवाल्यानं सांगतलं होतं. त्याले कोनी सांगतलं, नाई मालूम." त्याने तारेचा तुकडा कापून भोकात घातला आणि टोकं वाकवली. "इकडं सगळ्याइले मालूम हाय. कंपनीतूनच तसं येते ना. कोनती तरी मोठी कंपनी असन."

"हो," मी म्हटलं. "चंद्रपूरची. फार मोठी होती."

मग कॅलिपर बांधला, उभी राहिले, कडी सोडली. टक् झालं आणि मी चालू लागले.